माशीला माशी

माश्या मारत बसणं म्हणजे रिकामं बसणं, असं लोक म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली तो खव्याच्या भट्टीवर एक दिवससुद्धा बसलेला नसणार. मी चाळीस वर्षं बसले. आमच्या कळंब तालुक्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या. सकाळी घरोघरचं म्हशीचं दूध यायचं, ते मोठ्या पसरट कढईत ओतायचं, खाली लाकडं घालायची आणि हात न थांबवता उलथनं फिरवत राहायचं. दूध आटून गोळा झाला की खवा. पुढं त्याचे पेढे होतात, लोक देवाला ठेवतात, पोरगं पास झालं की वाटतात. पण त्या गोळ्यापर्यंत पोचेस्तोवर मधे एक वैरी असतो. माशी.

मला माशीची किळस येते. साप आला तर मी काठी शोधते, विंचू दिसला तर चप्पल काढते, माशी दिसली की मात्र हातातला घास खाली ठेवते. कारण ती कुठून आलीय ते मला दिसतं. गोठ्यातल्या शेणावरून उठली, कुत्र्याच्या कानामागच्या जखमेवर बसली, तिथनं मोरीच्या तोंडाशी गेली, आणि आता खव्याच्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर येऊन पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळतीय. जशी काय हात धुऊन पंगतीला बसलीय. भवाने, तुला कुणी बोलावलं होतं?

खरं तर मी लिहायला बसले ते एका चित्राबद्दल, आणि तुम्ही म्हणाल, आज्जीबाई माश्यांवर गेल्या. थांबा. चित्रावरच येते. माशीशिवाय त्या चित्रावर येता येत नाही.

माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी, चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. पुढं शाळेत ड्रॉइंगची बाई व्हायचं म्हणते. भादव्यात आठ दिवसांसाठी घरी आली ती येडशीच्या टेसनावर उतरली. हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठं एक चौकोनी काहीतरी, चादरीत गुंडाळलेलं. मुलगा मोटारसायकल घेऊन आणायला गेला. ती मागं बसली आणि तो चौकोन आडवा धरला. वाटभर त्यात वारं भरून गाडी शेताकडं ओढत होती म्हणे. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "पोरगी न्हाय, शीड आणलं मी."

चादरीत कॅनव्हास होता आणि पिशवीत विटेएवढं जड पुस्तक. कॉलेजच्या लायब्ररीचं. जर्मन लोकांनी आणि त्यांच्या शेजारच्या, आता बेल्जियम म्हणतात त्या भागातल्या लोकांनी पाचेकशे वर्षांपूर्वी काढलेली चित्रं. बेल्जियमचा आरसा मला ऐकून ठाऊक होता, कळंबच्या एका दुकानात 'अस्सल बेल्जियम' म्हणून एक टांगलेला असायचा. तिथं चित्रंही निघत होती हे नवीन. मी शाळेत गेलेली बाई नाही. खवा बांधायला रद्दी यायची, तिच्यावर वाचायला शिकले. कागद फाटलेले असायचे, त्यामुळं बातमीचा शेवट माझा मलाच करावा लागायचा. या पुस्तकातलं लिहिलेलं सगळं इंग्रजी. म्हणजे पुन्हा आपलं आपणच.

नात अंघोळीला गेली तसं मी पुस्तक मांडीवर घेतलं. आणि पानं उलटता उलटता जे जे दिसलं, काय सांगू.

एका पानावर त्यांचा देव क्रुसावर. मला वाटलं हात जोडावेत. जवळ नेऊन बघते तर सगळं अंग हिरवट, आंबलेलं, कातडीत काटे रुतलेले आणि प्रत्येक काट्याभोवती जखम. बोटं अशी वाकडी, जशी वाळलेल्या बाभळीची. पुढं एक माणूस, उलथन्याएवढ्या लांब चोचीचं जनावर त्याला अख्खा गिळतंय आणि दुसऱ्या बाजूनं... जाऊ द्या, जेवण व्हायचं असेल तुमचं. पुढं एक म्हातारी, चेहरा माकडासारखा, नाकपुड्या मोठ्या, कातडी लोंबलेली, आणि झंपर एवढा खाली की माझाच हात पदराकडं गेला. हातात फुलाची कळी घेऊन बसलीय! अगं, वयाचं काही? मग एका पानावर उघडून टांगलेलं डुक्कर.

नात केस पुसत आली. मी म्हटलं, "ही माणसं काढताना पोटातलं पोटात कशी ठेवत असतील गं?"

"आज्जे, तो हिरवा देव एका दवाखान्यातल्या देवळासाठी काढलाय," ती म्हणाली. "तिथं तशाच जखमा झालेले लोक यायचे. धान्यावर बुरशी पडायची, ती पोटात गेली की अंग सडायचं. त्या लोकांना वाटावं, देवालाबी आपल्यासारखंच झालंय."

बाजरीच्या कणसावर रोग पडला की ते दाणे जनावरालाही घालू नयेत, एवढं आमच्याकडं पोरंटोरं जाणतात. मी त्या पानाकडं परत एकदा बघितलं. किळस कमी झाली असं म्हणणार नाही. पण काढणाऱ्याला मनात घातलेली शिवी मागं घेतली.

एकच पान मला आवडलं. खेड्यातलं लग्न. पंगत बसलीय, दोघंजण खिरीच्या वाडग्यांची रांग दारावर ठेवून आणतायत. दारावर म्हणजे बिजागरीतनं काढलेल्या फळीवर! अगदी आपल्यासारखा कारभार, ताटं कमी पडली की सूप पुढं कर, परात पुढं कर. मी लई वेळ ते पान बघत बसले. मग म्हटलं, "पण एवढी खीर उघडी, आणि एक माशी न्हाय? खोटं हाय हे चित्र."

नात हसली. "माशी पाहिजे का तुला? दावते थांब."

पण तिनं तेव्हा दाखवली नाही, तिची आई हाक मारत होती. तिथंच दाखवली असती तर पुढचं काही झालं नसतं. माशी कुठं शिंकली म्हणतात ना, ती इथं शिंकली.

तर कॉलेजात त्यांच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याला जे जुनं चित्र येईल त्याची तेलरंगात नक्कल करायची. हिला एक जर्मन बाई आली. काढणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. बाईचंही नाही. चित्राच्या वरच्या बाजूला फक्त एवढंच लिहिलंय, की ही अमक्या घरातली लेक. सासरचं नाव गेलं, स्वतःचं गेलं, माहेर तेवढं पाचशे वर्षं टिकलं. मला ही बाई लगेच जवळची वाटली. डोक्यावर पांढरंशुभ्र कापड, घड्या घालून केवढं तरी मोठं बांधलेलं, आपल्याकडं फेटा बांधतात तसं, पण मऊ. हातात बारीक निळं फूल. तोंडावर शांतपणा. गोरी म्हणजे दुधावरच्या सायीसारखी.

"सर म्हणाले, माशीला माशी उतरवायचं," नात सांगत होती. मला वाटलं, ती म्हणच सांगतीय. एका कारकुनाला जुन्या कागदाची नक्कल करायला दिली, त्या कागदावर माशी चिरडून चिकटलेली, तर त्यानं एक माशी मारून आपल्या नकलेत त्याच जागी चिकटवली. बिनडोक नक्कल केली की आपण म्हणतो, माशीला माशी. मी मान हलवली. पुस्तकातल्या त्या पांढऱ्या कापडावर तिळाएवढा काळा ठिपका मला दिसला होता, पण तो मी शाईचा डाग धरला होता. लायब्ररीची पुस्तकं, पोरं कशी वापरतात!

पाच दिवस ती सोप्यात ज्वारीच्या कोठीला कॅनव्हास टेकवून बसायची. रंगात जवसाचं तेल असतं हे मला वासावरूनच कळलं. जवसाची चटणी खाल्लेल्या बाईला सांगावं लागत नाही. पांढऱ्या कापडाच्या घड्या करता करता तिचे दोन दिवस गेले. मी येता जाता बघायची आणि मनात म्हणायची, वा, खव्याचं फडकं धुऊन वाळत घातल्यावर असंच दिसतं. सोमवारी चित्र जमा करायचं होतं. नाही केलं तर वर्ष परत. शनिवारी दुपारी ती म्हणाली, "झालं आज्जे, शेवटचं काम झालं." आणि ब्रश धुवायला मागं गेली.

मी परातीत शेंगा घेऊन सोप्यातनं निघाले होते. बघते तर त्या बाईच्या डोक्यावर, पांढऱ्याशुभ्र घडीवर, माशी.

आता मला माझ्या सासूबद्दल सांगावं लागेल, कारण पुढं माझ्या हातानं जे केलं ते तिनं शिकवलेलं होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी खव्यावरची माशी फटकन मारली. सासूनं उलथनं खाली ठेवलं. "मारलीस? आता पाय एकीकडं, पंख एकीकडं. कोण वेचणार? तुजा बाप?" मग म्हणाली, "हाकलायची बी न्हाय. हाकललेली माशी वाफंत गुंगती आन् कढईतच पडती. हे बघ." पदराचं टोक पाण्यात भिजवून तिनं दोन बोटांवर घेतलं, माशीच्या मागनं हात नेला, चिमटीत धरली आणि ती जिथं बसली होती ती जागा त्याच हिसक्यात पुसून घेतली. "धर आन् पूस. दोन कामं न्हायत, एकच." तेव्हापासून मी धरत आणि पुसत आले. डोळ्याला माशी दिसली की डोक्याला कळायच्या आत माझी बोटं पदराला लागतात.

तशीच लागली. पदर ओला होता, मी भांडी घासून आले होते. मागनं हात नेला. धर आणि पूस.

चिमटीत काहीच आलं नाही. जवसाच्या तेलाचा वास आला. आणि त्या बाईच्या कपाळापासून वरच्या घडीपर्यंत, वीतभर लांब, राखाडी फरकाटा उठला.

मी तिथंच उभी. परातीतल्या शेंगा कधी सांडल्या कळलं नाही. नात आली, बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि शेंगा गोळा करायला लागली. एकेक.

सून धावत आली. "आत्याबाई, काय केलंत हे? सांगून करायचं तरी!"

"सांगून? माशी धरायची काय सांगून असती व्हय?"

"अवो, ती रंगाची होती! एवढी सरांनी सांगितलेली माशी, तीच पुसलीत! सगळं सोडून बरोबर तीच!"

"आई, गप," नात म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "तुला खरंच वाटली का गं खरी?"

आणि तेव्हा मला राग आला. तिचा नाही, माझाही नाही, त्या मेलेल्या चित्रकाराचा. "का काढली त्यानं? एवढी देखणी बाई, एवढं धुतलेलं कापड, आन् त्याच्यावर घाण आणून बसवली? काय केलं होतं तिनं त्याचं?"

"सर म्हणतात, नक्की कुणालाच ठाऊक न्हाय. कुणी म्हणतं, बघणाऱ्यानं हाकलायला हात उचलावा म्हणून. आपला हात किती तयार हाय ते दावायला. कुणी म्हणतं, माणूस आज हाय, उद्या न्हाय, हे ध्यानात राहावं म्हणून."

"उद्या न्हाय" हे ऐकलं आणि मी खालीच बसले. जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगितलं.

सासू गेली तेव्हा सकाळची भट्टी पेटलेली होती. तिला ओसरीवर घेतलं, डोक्याला पांढरं धुवट कापड गुंडाळलं. नणंदा लांबच्या, त्या आल्याशिवाय उचलता येत नव्हतं. आमच्यात अशा वेळी एकजण उशाशी बसतं, कडुलिंबाचा डहाळा घेऊन. माश्या बसू द्यायच्या नाहीत. ते काम मला दिलं. मी बसले. पण कढईत गावच्या घरांचं दूध आटत होतं आणि उलथनं धरायला कुणी नव्हतं. करपल्याचा वास आला. मी उठले. पाच मिनिटं, जास्त नाही. परत आले तर तिच्या ओठावर एक होती. पाय चोळत. ज्या बाईनं आयुष्यभर एक माशी खव्याला लागू दिली नाही, तिच्या ओठावर. मी धरली आणि पुसलं. पुसताना तिचा ओठ जरा हलला, माझ्याच बोटानं, आणि मला वाटलं ती म्हणतीय, "दूध करपलं का गं?"

दूध करपलं नव्हतं. तेच मला सगळ्यात घाण वाटतं. मी कढई वाचवली होती.

नात चित्रापाशी सरकली. मग म्हणाली, "पण आज्जे, ही बाई मेलेली न्हाय. डोळे बघ. माशी बसलीय हे हिला अजून कळलंच न्हाय, एवढंच." आणि उठली. तेलाच्या फडक्यानं फरकाटा टिपला, पांढरा रंग काढला, संध्याकाळपर्यंत घड्या परत घातल्या. पहिल्यासारख्या झाल्या नाहीत, पण झाल्या. राहिली माशी.

पुस्तकातली तिळाएवढी, पाय मोजता येत नव्हते. कॉलेजात मैत्रिणीनं काड्यापेटीत घालून दिलेल्या मेलेल्या माशीवरनं तिनं काढली होती, पण काम झालं म्हणून ती शनिवारीच फेकून दिली होती. रविवारी सकाळी मी म्हटलं, त्यात काय, आपल्या घरात माशीला तोटा? आणि एकेक धरून नेऊन दिली.

"आज्जे, हिचे पाय कुठंत?"

दुसरी दिली.

"हिला डोकंच न्हाय."

तिसरी बघून तिनं तोंड फिरवलं. चाळीस वर्षांचा हात. आमच्या घरात धड माशी मिळणार कुठनं? मोबाइलवर फोटो सापडत होते, पण तिला पांढऱ्या घडीवर बसलेली पाहिजे होती, सावलीसकट. सावलीवरच सगळं आहे म्हणाली. सावली चुकली की माशीचा डाग होतो.

मग मीच पेटी उघडली. भट्टी बंद झाली तेव्हा खवा झाकायचं मलमलचं एक फडकं मी ठेवून दिलं होतं. धुऊन, घडी घालून. ते डोक्याला बांधलं, नातीनं चित्रात बघून घड्या नीट केल्या. एका घडीवर गुळाच्या पाण्याचं बोट लावलं. आणि मी ओसरीवर, उजेडाच्या बाजूला तोंड करून बसले. नात मोबाइल धरून समोर.

सून दारातनं बघत होती. "आयुष्यभर हाकलल्या, आता आवतण देताय व्हय आत्याबाई? फूल पण दे गं हातात, फूल राहिलं!"

"तू आत जा. हसून माश्या पळवशील."

पोरीनं खरंच कुंपणावरचं गोकर्णाचं निळं फूल आणून माझ्या हातात दिलं.

पहिल्या दोन आल्या आणि माझ्या मानेच्या एका झटक्यानं गेल्या. मी नाही झटकली, ती आपली आपण झटकली गेली. "आज्जे!" "हो गं, हो." तिसरी आली. कानाशी घूं घूं, कपाळाशी, परत कानाशी. गोठ्याकडनं आली होती. मला माहीत होतं ती कशावरनं उठून आलीय. मग घूं थांबली. एकदम शांत. फडकं जाड, पाय लागले नाहीत, पण थांबलेल्या आवाजावरनं कळलं की बसली.

माझ्या बोटांनी पदराचं टोक धरलेलं होतं. मी धरलं नव्हतं.

"आज्जे, हात," नात हळूच म्हणाली.

मी तो हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले. वर ती पाय चोळत असणार. मी समोर बघत राहिले, चित्रातल्या त्या माहेरवाशिणीसारखी, मला अजून काही कळलेलंच नाही असं तोंड करून. ओठ घट्ट मिटून. "दूध करपलं का गं?" असं कुणी विचारलं असतं तरी उठले नसते.

सोमवारी पोरगी चित्र घेऊन येडशीला गेली, रंग ओला म्हणून या खेपेला जीपनं. पुढं पास झाली. मी ते फडकं माशी बसली त्याच दिवशी चुलीत घातलं.